झाडपाल्याची विद्या कागदावर उतरवताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पूर्व आफ्रिकेतल्या मासाई समाजाच्या झाडपाल्याच्या औषधांवर लेख होता. केनियाच्या दक्षिणेला आणि टांझानियाच्या उत्तरेला राहणारे हे गुरे पाळणारे लोक. जाणती म्हातारी माणसे कमी होत चालली, तरुण शहराकडे निघाले, जंगल आटले. मग ही विद्या टिकवायची कशी, असा त्या लेखाचा विषय होता. पत्रे मात्र आली ती बहुतेक पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरीकडून, आणि जवळजवळ प्रत्येकात एक ओळ सारखी : आमच्याकडेही हेच चाललंय, आम्ही काय करावं? म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

मासाईंच्या भाषेत झाड आणि औषध यांना एकच शब्द आहे, असे लेखात होते. त्यांची झाडे आपल्याकडे आहेत का? असतील तर त्यांचे उपाय आपण वापरू शकतो का?
– वाचक, नाशिकरोड

माआ भाषेत 'ओलचानी' म्हणजे झाड आणि 'ओलचानी' म्हणजेच औषध, अनेकवचन 'इल्कीक'. आपल्याकडे 'त्याला झाडपाल्याचं दिलंय' म्हटले की औषध हा शब्द वेगळा उच्चारावा लागत नाही, तसेच हे.

झाडांचे म्हणाल तर ओळखीची बरीच सापडतील. त्यांची 'ओलकिलोरिती' म्हणजे आपली बाभूळ. तिची साल आणि मुळी ते मांसाच्या रश्श्यात उकळतात. तरुण योद्धे रानात 'ओलपुल' नावाचा तळ टाकून राहतात आणि मांसावर ताव मारतात, तेव्हा तर हा रस्सा हवाच. मांस पचते आणि अंगात जोर येतो असे ते मानतात. आपण बाभळीची साल दातांना, गुळण्यांना, जुलाबावर वापरतो. त्यांची 'ओलामुरियाकी' ही करवंदीची सख्खी बहीण. तिचीही मुळी रश्श्यात जाते. 'ओरेतेती' हे वड-उंबराच्या गोतातले झाड, त्यांना पवित्र. 'ओलमुकुतान' शिरीषाच्या गोतातले; त्याच्या सालीने पोटातले पट्टकृमी पडतात, पण मात्रा चुकली तर माणूस आजारी पडतो.

गोत एक म्हणून गुण एक नसतो. बाभळीची जात एकच असली तरी तिकडची उपजात वेगळी, जमीन वेगळी आणि खाणे तर अगदीच वेगळे : दूध, मांस, कधी रक्त. तिकडचा उपाय उचलून इकडे लावू नका.

त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट दुसरी आहे. मासाई बाया दुधाचा तुंबा 'ओलोइरिएन' म्हणजे रानऑलिव्हच्या पेटत्या काटकीने आतून धुरावतात, निखाऱ्याने घासतात आणि मगच त्यात दूध भरतात. दूध टिकते, त्याला वासही येतो. वैद्याला विचारून औषधांची यादी केली तर हे झाड त्यात 'औषध' म्हणून येणारच नाही, कारण ते काम बायांचे. आपल्याकडच्या याद्यांतही हाच खड्डा आहे. भगत आणि वैदू यांना सगळे विचारतात. सुईण, गुराखी, बाळंतिणीचे करणारी म्हातारी यांच्याकडे कोणी वही घेऊन जात नाही. गुरांची औषधे तर नोंदीतून सर्रास सुटतात.

आमच्या शाळेने गावातल्या औषधी वनस्पतींची यादी केली. १४० नावे झाली. पुढे काय करावे?
– शिक्षक, पेठ तालुका

यादीतल्या प्रत्येक नावाला झाड बांधा. नुसते नाव पन्नास वर्षांनी कोणाच्या उपयोगाचे राहत नाही. कुड्याचेच पाहा. हगवणीवर साल देतात तो पांढरा कुडा आणि त्याच रानात त्याला लागून उभा असतो तो काळा कुडा. दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा, आणि काही गावांत नावे नेमकी उलटी. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध पांढऱ्या झिरमिळ्यांचा झुपका असतो, पांढऱ्याच्या फुलात तो नसतो. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. बाजारातही एकाचे बी 'कडू इंद्रजव' आणि दुसऱ्याचे 'गोडे इंद्रजव' म्हणून विकतात. वहीत नुसते 'कुडा' लिहिले तर पुढच्या पिढीने यातले कोणते उकळायचे?

म्हणून वाळवलेला नमुना हवाच. पद्धत अशी.

फूल किंवा फळ असलेली २५ ते ३० सेंटिमीटरची फांदी घ्या. लहान रोपटे असेल तर मुळासकट, पण त्या जागी निदान वीस रोपे दिसत असतील तरच. एकाच झाडाचे तीन नमुने काढा आणि तिघांना एकच क्रमांक द्या : एक शाळेत, एक ओळख पटवायला पुण्याला, एक राखीव. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे आणि आघारकर संशोधन संस्थेचे वनस्पतिसंग्रह आहेत. नमुना पाठवण्याआधी पत्र लिहून विचारा.

क्रमांक झाडाजवळच लिहायचा, घरी येऊन नाही. तिथेच फुलाचा रंग, वास, चीक आहे का आणि कोणत्या रंगाचा, झाडाची उंची, ओढ्याकाठी की कातळावर, एवढे टिपा; वाळल्यावर यातले काहीच दिसत नाही. त्याखाली गावातले नाव, सांगणाऱ्याने उच्चारले तसेच. कोकणी, वारली, ठाकरी बोलीतल्या नावाची 'शुद्ध मराठी' करू नका. दोन माणसांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहा, कोणी कोणते सांगितले त्यासह.

नमुना वर्तमानपत्राच्या घडीत पसरा. एक-दोन पाने उलटी ठेवा, म्हणजे मागची बाजूही दिसेल. फांदी लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एनच्या आकारात मोडून बसवा. कापून तुकडे करू नका. दोन घड्यांमध्ये खोक्याचा नाळीदार पुठ्ठा, खाली-वर ३० × ४५ सेंटिमीटरच्या फळ्या, आणि दोन पट्ट्यांनी आवळा. सुतळी चालत नाही. पाला आटला की ती ढिली पडते आणि पाने सुरकुततात. पट्टे रोज आवळायचे.

पहिल्या चोवीस तासांत कागद बदललाच पाहिजे. सगळ्यात जास्त पाणी तेव्हाच सुटते. पुढे चार-पाच दिवस रोज, मग दिवसाआड. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांत नमुना होतो. तुमच्याकडे खरी अडचण आषाढ-श्रावणात येणार. फुले नेमकी त्याच दिवसांत आणि वर्तमानपत्र आधीच सर्दावलेले. पाणी हळू आटले की पान आतल्या आत काळे पडते आणि वर बुरशी धरते. उपाय म्हणजे लाकडी पेटी : तळाशी ६० वॅटचे तारेचे दोन दिवे, त्यांच्यावर हातभर उंचीवर फळ्या उभ्या कडेवर, झाकणाला भोके. आत ४० ते ४५ अंश राहिले की दीड-दोन दिवसांत काम होते. पेटीपाशी माणूस हवा, कागद लोंबून दिव्याला टेकता कामा नये. चुलीवर टांगू नका. धूर आणि तेलाची पुटे बसतात, पाने तपकिरी होऊन चुरगळतात. शतावरीसारख्यांची पाने वाळताना झडतात आणि मांसल वनस्पती दाबातही जिवंत राहून कोंब काढतात. फुले वगळून त्या अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवा आणि मग दाबा. कंद उभा चिरून चकती ठेवा.

वाळला की नाही हे गालाला लावून कळते. गार लागला तर अजून ओल आहे.

मग २९ × ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्याने टाका आणि कागदी पट्ट्या लावा. सेलोटेप नको, ती पिवळी पडून सुटते आणि पाकळ्या ओढून नेते. चिठ्ठी उजव्या खालच्या कोपऱ्यात. किडीसाठी जुन्या पुस्तकांत पाऱ्याचे विषारी द्रावण सांगितलेले असते, ते शाळेत आणूच नका. नमुने प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून सात दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण गेल्याशिवाय ती उघडू नका, नाहीतर नमुन्यावर दव धरते. दर पावसाळ्यानंतर हे पुन्हा करा.

१४० एका वर्षात होणार नाहीत. पहिल्या वर्षी ३० नीट झाले तरी खूप.

वैदू मात्रा सांगतात ती 'मूठभर पाला, बोटभर मुळी, तांब्याभर पाणी' अशी. ही ग्रॅममध्ये कशी लिहायची?
– वाचक, सुरगाणा

आधी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, नंतर वजन. उलटे केले की शब्द हरवतात.

मूठ त्यांनाच भरायला सांगा, एकदा नाही, तीनदा. स्वयंपाकाच्या काट्यावर तिन्ही वेळा वजन करा आणि तिन्ही आकडे लिहा. तुमची मूठ आणि सत्तर वर्षांच्या बाईची मूठ यांत मोठा फरक पडतो. पाच ग्रॅमच्या आतले काही असेल तर सोनारी पद्धतीचा छोटा काटा हवा. घरचा काटा तिथे खोटे सांगतो. ताजे की वाळलेले हे न चुकता लिहा. पाला वाळला की साधारण चौथाई वजन उरते, म्हणजे ताज्याची मात्रा वाळलेल्याला लावली तर डोस चौपट झाला. अशा नोंदींत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

तांब्यात पाणी भरून मापाच्या भांड्यात ओता आणि मिलिलिटर लिहा. किती आटवायचे : निम्मे, चौथाई, की नुसती उकळी? भांडे कशाचे? बाभूळ, हिरडा अशा तुरट सालींचा काढा लोखंडात केला तर काळा पडतो. त्यामुळे 'मडक्यातच करायचा' असे कोणी बजावले तर त्याला अंधश्रद्धा समजून गाळू नका. साल कोणत्या महिन्यात काढायची, फुलोऱ्याआधी की नंतर, किती दिवस द्यायचे, सोबत काय खायचे नाही, गरोदर बाईला चालते का, जास्त झाले तर काय होते आणि मग काय देतात, हे सगळे प्रश्न प्रत्येक औषधाला विचारायचे. शेवटचे दोन बहुतेक जण विसरतात.

काढ्याचे आयुर्वेदातले ठरलेले प्रमाण वापरून रिकाम्या जागा भरण्याचा मोह होईल. भरू नका. ते ज्ञान ग्रंथातले, हे या माणसाचे. मिसळले की दोन्हींची किंमत गेली.

धोक्याच्या वनस्पतींची नोंद टाळू नका, पण लाल शाईने करा. सापसणीत असलेले ॲरिस्टोलॉकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगही घडवते. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत याच गोतातली वनस्पती मिसळली गेली आणि कित्येकांची मूत्रपिंडे गेली, तेव्हा जगाला हे कळले. कळलावीचा कंद जीव घेतो. गुळवेलीची गफलत तर शहरातही होते : खऱ्या गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या आणि फळे गोल लाल, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या वेलीला तीन पाकळ्या, फळे लांबट नारिंगी आणि खोडावर ठळक चामखिळी. ही दुसरी वेल यकृताला बाधू शकते. वहीच्या पहिल्या पानावर लिहा की ही नोंद आहे, उपचाराचा सल्ला नाही.

आमच्या पाड्यावरचे भगत औषध सांगत नाहीत. 'सांगितलं की गुण जातो' म्हणतात. त्यांचे वय ८० आहे. ही विद्या त्यांच्याबरोबरच जाणार का?
– वाचक, हरसूल

त्यांच्या नकाराचा मान ठेवा. गोड बोलून, दारू पाजून, नातवाला पुढे करून काढून घेतलेले ज्ञान ही चोरीच.

पण नकार नेमका कशाला आहे ते शांतपणे विचारा. पुष्कळदा तो सगळ्याला नसतो. झाड दाखवायला हरकत नसते, मंत्र सांगायला असते; साधी औषधे सांगतात, विंचवाचे आणि सापाचे सांगत नाहीत; गावातल्याला सांगतात, लिहून देत नाहीत. मग नोंदीचे तीन थर करा. पहिला थर सगळ्यांसाठी उघडा : झाड, नाव, जागा, किती शिल्लक आहे. दुसरा पाड्यापुरता : कशावर देतात. तिसरा फक्त त्यांनी नेमलेल्या माणसासाठी : कृती आणि मात्रा, बंद लिफाफ्यात, नाहीतर फक्त तोंडी. लिफाफ्यावर कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने उघडायचा ते त्यांच्या समोर लिहा. लिहिता येत नसेल तर ते बोलतानाचे रेकॉर्डिंग ठेवा.

आणि वहीपेक्षा मोठा उपाय म्हणजे शिकणारा माणूस. मासाईंमध्ये 'ओलोइबोनी' म्हणजे विधी जाणणारा जाणता. ही विद्या घराण्यात चालते, बापाबरोबर फिरून मुलगा शिकतो. केनियातल्या नारोक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लोइता टेकड्यांवर 'नैमिना एंकियो' म्हणजे हरवलेल्या मुलीचे रान आहे. तिथली पूजास्थाने आणि औषधी झाडे लोइता मासाईंनी परंपरेने राखली, आणि रान राहिले म्हणूनच शिकवायला जागा राहिली. तुमच्या भगतबाबांबरोबर वर्षभर, चारही ऋतूंत, महिन्यातून दोनदा रानात जाणारा एक मुलगा किंवा मुलगी मिळाली तर बरेच काम झाले. एका ऋतूत झाड ओळखता येणे म्हणजे ओळखणे नव्हे. पाने झडलेल्या चैत्रात नुसत्या सालीवरून कुडा ओळखला पाहिजे.

मी मूळचा नाशिकचा, नैवाशाजवळ गुलाबाच्या हरितगृहात नोकरीला आहे. आमच्याकडच्या मासाई कामगाराचे वडील वैद्य आहेत. त्यांनीच सुचवले की त्यांची औषधे मी मराठीत-इंग्रजीत लिहून छापावीत. करावे का?
– वाचक, सध्या केनिया

छापू नका. लिहायला मदत करा, पण वही त्यांच्या घरी राहू द्या.

केनियात २०१६पासून पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा आहे. ज्ञान समाजाचे असते, एका वैद्याचे 'हो' पुरेसे नाही. समाजाची आधी, नीट समजावून घेतलेली संमती लागते आणि नोंदणीत काउंटी सरकारचा भाग असतो. संशोधन म्हणून काही करायचे तर नाकोस्टी या राष्ट्रीय आयोगाचा परवाना लागतो. जैविक नमुने अभ्यासासाठी घ्यायचे तर नेमा या पर्यावरण प्राधिकरणाचाही. तुम्ही परदेशी नोकरदार. हे टाळून केलेले काम तुमच्यावर आणि त्यांच्यावरही शेकेल.

करण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाला बसवा, तो माआमध्ये लिहील किंवा रेकॉर्ड करील, तुम्ही काटा, कॅमेरा आणि नमुन्याचा दाब पुरवा. नमुन्याची ओळख नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या पूर्व आफ्रिका वनस्पतिसंग्रहात पटवता येते. भाषांतर सगळ्यात शेवटी, आणि त्यांनी मागितले तरच. माआमध्ये स्वरांचे चढ-उतार अर्थ बदलतात. तुमच्या कानाने देवनागरीत उतरवलेले नाव चुकीचे असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून आवाज जपा.

नाशिकला येताना 'ओसोकोनोई'ची साल आणू का, असेही तुम्ही विचारले आहे. खोकल्यावर आणि छातीवर ती तिकडे प्रसिद्ध आहे हे खरे, पण आणू नका. रोपांच्या विलगीकरणाचे नियम दोन्ही देशांत आहेत, आणि सालीसाठी सोलून सोलून हे झाड तिकडे अनेक ठिकाणी विरळ झाले आहे.

अर्जुनाची, कुड्याची साल काढल्यावर झाडे वाळतात. साल काढणे बंदच करावे का?
– वाचक, कळवण

पद्धत बदलली तर बंद करावे लागणार नाही. पानांनी केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. साल गोलाकार, कंकणासारखी काढली की ती वाट तुटते. मुळे उपाशी पडतात आणि झाड लगेच नाही, पण पुढच्या एक-दोन वर्षांत उभे वाळते. तोवर काढणारा विसरलेला असतो आणि दोष वाळवीला जातो.

साल उभ्या पट्टीत काढा, घेराच्या चौथाईपेक्षा रुंद नको. कोयता खोल घालू नका. आतला ओलसर, गुळगुळीत थर शिल्लक राहिला तर जखम भरते. लाकूड पांढरे उघडे पडले की समजा खोल गेलात. पुढची पट्टी समोरच्या बाजूने, आणि पहिली भरून आल्यावरच. त्याला दोन पावसाळे द्या. मनगटाएवढ्या घेराच्या झाडाला हात लावू नका. जमेल तिथे खोडाऐवजी छाटलेल्या फांदीची साल घ्या. भर पावसात काढलेल्या जखमेला बुरशी लागते.

साल ऐवजी पान चालेल का, हेही जाणत्यांना विचारून पाहा. ओसोकोनोईच्या दक्षिण आफ्रिकेतल्या भावंडावर काम झाले तेव्हा पानांतही सालीसारखीच द्रव्ये आढळली आणि पाने वापरण्याचा पर्याय पुढे आला. प्रत्येक झाडाला हे लागू होत नाही. कुड्याच्या बाबतीत तर जाणत्याने सांगितल्याशिवाय बदलू नका.

बाभूळ लावायची असेल तर बिया तशाच पेरू नका. कवच कठीण असते. पाणी उकळून चुलीवरून उतरवा, त्यात बिया टाका, रात्रभर राहू द्या. फुगलेल्या पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा तेच. सोटमूळ पिशवीच्या बुडाला गुंडाळायच्या आत रोप जमिनीत गेले पाहिजे.

ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही झाली आहे. त्यात औषधांच्या कृती लिहिल्या तर एखादी कंपनी पेटंट घेईल का? आणि नाही लिहिल्या तर आमचा हक्क कसा सिद्ध होणार?
– समिती सदस्य, इगतपुरी तालुका

दोन्ही भीती खऱ्या आहेत, म्हणून वहीचे दोन भाग करा. २००२च्या जैविक विविधता कायद्याखाली तुमची समिती आणि नोंदवही येते. तिच्या उघड्या भागात वनस्पती, स्थानिक नाव, जागा, कोणत्या कामासाठी वापरतात एवढेच. कृती आणि मात्रा गोपनीय भागात, आणि तो भाग कोणाला दाखवायचा याचा ठराव ग्रामसभेत करून इतिवृत्तात घ्या. नमुन्यांवर तारीख आणि सह्या असू द्या.

पेटंट कायद्याचे कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला पेटंट देत नाही, आणि कलम २५ खाली स्थानिक समाजाचे तोंडी ज्ञानही हरकतीचे कारण होऊ शकते. पण हरकत घ्यायला तारखेचा पुरावा लागतो. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले, तेव्हा छापील जुने दाखले कामी आले. सरकारचा पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रहही मुख्यतः ग्रंथांतल्या ज्ञानाचा. तुमच्या पाड्यावरचे तोंडी ज्ञान त्यात नाही. वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(के) मात्र जैवविविधतेशी जोडलेल्या ज्ञानावर समूहाचा हक्क स्पष्ट मान्य करते. सामूहिक दाव्यात हे कलम नाव घेऊन लिहा.

जैविक विविधता कायद्यातली २०२३ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४पासून लागू झाली, ती नीट वाचा. ग्रंथात नोंदलेल्या ज्ञानाच्या वापराला लाभवाटणीतून, म्हणजे स्थानिक समाजाला फायद्यातला वाटा देण्यातून, सूट मिळाली आहे. त्यामुळे 'हे तर आयुर्वेदात आहेच' असे कोणी म्हणाले की तुमचा वाटा बुडू शकतो. तुमच्या उपायात वेगळे काय आहे : दुसरा भाग, दुसरा आजार, दुसरे मिश्रण, ते ठळक लिहा.

पैसे मिळाले तरी प्रश्न संपत नाही. केरळात कानी आदिवासींनी दाखवलेल्या 'आरोग्यपच्चा' या वनस्पतीपासून औषध झाले. परवाना शुल्क आणि रॉयल्टीचा निम्मा हिस्सा त्यांच्या ट्रस्टला ठरला. देशभर गाजलेले उदाहरण. तरी अडले दोन ठिकाणी : सगळ्या कानी वस्त्यांना आधी विचारले गेले नव्हते, आणि लागवडीला वनखात्याची परवानगी अडल्याने पालाच कमी पडू लागला. करार करायची वेळ आली तर शेजारचे पाडे आणि वनपरिक्षेत्र कार्यालय पहिल्याच बैठकीला हवेत.

करवंदीच्या मुळीने आफ्रिकेत सगळे आजार बरे होतात असा संदेश फिरतोय. माझ्या आईला मधुमेह आहे. मुळी उकळून देऊ का?
– वाचक, सिडको, नाशिक

नाही. हा संदेश बहुधा टांझानियातल्या लोलिओंदोचा आहे. तिथले एक निवृत्त पाद्रीबाबा करवंदीच्या बहिणीच्या मुळीचा काढा कपभर देऊ लागले आणि २०११मध्ये हजारो लोक मैलोन्‌मैल रांगा लावून आले. कित्येकांनी एचआयव्हीची, मधुमेहाची चालू औषधे सोडली. रांगेतच रुग्ण दगावले. मासाई त्या मुळीचा उपयोग रश्श्यात करतात, मधुमेह बरा करायला नाही. आईची गोळी चालू ठेवा. करवंदे मात्र वैशाखात जरूर खा.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले तर पुरे का?
– विद्यार्थिनी, दिंडोरी

सुरुवातीला पुरे, दोन अटींवर. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल ही मूळ प्रत धरू नका, ती दाबून लहान झालेली असते. रेकॉर्डर ॲपमध्ये 'वेव्ह' प्रकार निवडा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या रुमालावर ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि 'तुम्ही बोललेलं कोणाकोणाला ऐकवू?' हा प्रश्न, त्यांच्याच आवाजातल्या उत्तरासह. फाइलच्या नावात तारीख आणि नमुन्याचा क्रमांक, म्हणजे आवाज आणि वाळलेली फांदी जोडलेली राहील. तीन प्रती : संगणकात, सुट्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरात.

फोटो काढताना पान वरून आणि खालून, पान खोडाला जिथे जोडले आहे तो सांधा, फूल समोरून आणि बाजूने, फळ चिरून, साल, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून पूर्ण झाड. नुसत्या फुलाच्या सुंदर फोटोवरून ओळख पटत नाही.

आठ दिवसांनी ते रेकॉर्डिंग त्यांनाच ऐकवा. 'अगं, हे मी चुकीचं बोलले, मुळी नाही, साल' असे निघतेच. जुनी फाइल पुसू नका. दुरुस्ती नव्या फाइलमध्ये, नव्या तारखेने घ्या आणि जुनीच्या नावापुढे 'दुरुस्ती पाहा' लिहा.